वय झालं तरी सुटत नाही असं तुमच्याकडे काय आहे? (खान्देशातल्या छांदिष्टांसाठी धागा)

फलाट_तीन (भुसावळ)

नमस्कार मंडळी.

मी रेल्वे इंजिनांचे नंबर टिपतो. वय ४५, नोकरी विम्याच्या ऑफिसात, घरात कोणी रेल्वेत नाही. रविवारी सकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, फलाटाच्या टोकाला उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचं इंजिन, नंबर, शेड (म्हणजे इंजिनाचं घर) आणि वेळ वहीत उतरवायची. हे मी शाळेपासून करतोय आणि आता चारचौघांत सांगतोही.

भुसावळात राहून इंजिनांचा नाद लागला नाही तरच नवल. मुंबईकडून आलेली लाइन इथे दुभंगते, एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडवा-इटारसीकडे. इलेक्ट्रिक लोको शेड इथेच आहे. देशभरात धावणाऱ्या इंजिनांच्या अंगावर 'बीएसएल', म्हणजे भुसावळ शेड, रंगवलेलं दिसलं की आपल्या गावचं कोणी भेटल्यासारखं वाटतं.

ज्यांना सगळी इंजिनं सारखीच वाटतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. डोळे मिटून फलाटावर उभे राहा. वॅप-४ जातीचं जुनं इलेक्ट्रिक इंजिन सुटताना पोटातून खट्... खट्... असे आवाज येतात. तो टॅप चेंजर. ड्रायव्हर एकेक नॉच वाढवतो तसा ट्रान्सफॉर्मरवरचा टप्पा बदलतो आणि मोटरला मिळणारा विजेचा दाब चढत जातो. वॅप-७ किंवा वॅग-९ या नव्या इंजिनांत हे खटके नाहीत. तिथे थ्री-फेज मोटर आहेत, त्यांना लागणारी वीज 'कन्व्हर्टर' नावाचं इलेक्ट्रॉनिक्स तयार करतं, म्हणून गाडी हलताना गुणगुणल्यासारखा सूर निघतो आणि तो चढत जातो. जुन्या कन्व्हर्टरचा सूर वेगळा, नव्याचा वेगळा. नावातच इंजिनाची अर्धी कुंडली असते: पहिलं डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल.

आणि पाचोरा-जामनेरची पीजे! अडीच फूट रुंदीच्या रुळावरची ती छोटी गाडी २०२० मध्ये लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच, आता तिथे ब्रॉडगेजचं काम आहे. तिची जुनी वेळापत्रकं, तिकिटं, स्टेशनांच्या पाट्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. शेंदुर्णी, पहूर ही नावं पिवळ्या पाटीवर वाचण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कशात सापडत नाही.

लोक विचारतात, "याचा उपयोग काय?" मला हा प्रश्नच पटत नाही. चाळिशीतला माणूस रोज तीन तास टीव्हीवर भांडणं बघतो तेव्हा त्याला कोणी उपयोग विचारत नाही. लग्नात पाचशे माणसांना खापरावरचे मांडे खाऊ घालतात, त्याचाही हिशोब कोणी मागत नाही. मग माणसाला एखादी गोष्ट खोलात जाऊन कळावीशी वाटली, तर तिथेच पावती कशाला हवी?

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडच्या गावांत अशी माणसं भरपूर आहेत, पण ती गप्प बसतात. पुण्या-मुंबईत प्रत्येक नादाचा एक गट असतो. इथे तुमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, तुमच्यासारखाच एकजण असतो आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणून इथे मोकळेपणाने लिहा. तुम्हाला काय येतं, कशापायी रात्री जागता, कशाबद्दल अर्धा तास न थांबता बोलू शकता? तपशिलासह लिहा. "मलाही वाचन आवडतं" एवढ्यावर सोडणार नाही.

वरणगावकर

+१. वॅग-९ च्या सुराबद्दल अगदी खरं. मालगाडी बाजूच्या लूप रुळावरून निघते तेव्हा आमच्या गच्चीवर ऐकू येतो. पुढच्या रविवारी मी पण येतो.

सातपुड्याची_लेक (शहादा)

मला बोलू द्या, कारण माझ्या तालुक्याचं नाव जगभरच्या पक्षी अभ्यासकांना ठाऊक आहे आणि आपल्याच लोकांना नाही.

रानपिंगळा. साध्या पिंगळ्यापेक्षा डोकं अधिक एकरंगी, ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद आणि पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र. मुख्य म्हणजे हे घुबड दिवसा हिंडतं. सकाळच्या उन्हात सागाच्या शेंड्यावर बसतं आणि शेपटी हलवतं. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नंतरच्या काही वर्षांत मोजके नमुने मिळाले, शेवटचा १८८४ मध्ये. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच. त्यातले कितीतरी जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने खान्देशात, आपल्या शहादा-तळोदा भागात गोळा केलेले. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ पक्षी कोणाला दिसला नाही.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. मध्ये एक नोंद होती: १९१४ साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळाला, असा कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाचा दावा. त्यामुळे शोधणारे तिकडे जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. पेंढा कसा भरला होता, पंख कसे बांधले होते, टाके कुठे होते, सगळं. ती कारागिरी डेव्हिडसनची निघाली! म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचा नमुना चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटं लेबल लावलं होतं. खोटी नोंद बाजूला ठेवल्यावर शोध खऱ्या ठिकाणांकडे वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

मेलेल्या पक्ष्याच्या पोटातल्या कापसाकडे इतक्या चिकाटीने कोणी पाहिलं नसतं, तर कदाचित आजही तो नामशेषांच्या यादीत असता. फलाट_तीन दादा, उपयोग विचारणाऱ्यांना ही गोष्ट सांगा. पण खरं सांगू का, पक्षी सापडला नसता तरी त्या बाईंचं काम तितकंच मोलाचं होतं, असं मला वाटतं.

मी शाळेत शिकवते. सुट्टीच्या दिवशी पहाटे दुर्बीण आणि वही घेऊन तोरणमाळच्या पायथ्याकडे जाते. सुरुवातीला गावात कुजबुज झाली. आता पाड्यावरची पोरं स्वतःच सांगायला येतात, "बाई, तुमचं घुबड त्या सागावर बसलंय." त्यांना साधा पिंगळा आणि रानपिंगळा यातला फरक माझ्याआधी कळतो.

केळीबाग (रावेर)

ताई, भारी माहिती. हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं?

स्कोअरबुक (अमळनेर)

धागा छान आहे, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिते. कोणाला टोमणा म्हणून नाही.

रविवारी सकाळी फलाटावर उभं राहायला मिळतं, कारण त्या वेळी घरात कोणीतरी चहा-पोहे करतं, पाणी भरतं, पोरांची अंघोळ उरकतं. आमच्या घरात पुरुषाला नाद असला की तो 'छांदिष्ट' आणि बाईने वही घेऊन बसायचं ठरवलं की 'हिला घरात लक्षच नाही'. मी कॉलेजात असताना कसोटी सामन्यांचा स्कोअर लिहायची. रेडिओ लावून, स्कोअरबुक आखून, एकेक चेंडू. निर्धाव चेंडूला टिंब. अख्खं षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, त्यात विकेट पडली तर तीच टिंबं उलटी जोडून डब्ल्यू. दिवस संपला की फलंदाजाच्या रकान्यातल्या धावा, गोलंदाजाच्या रकान्यातल्या धावा आणि अवांतर यांचा ताळा जुळवायचा. एक धाव जरी चुकली तरी झोप नाही. सामना नुसता पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते वहीत दिसतं: कोणाचा जम कुठे बसला, कोणत्या गोलंदाजाने दुसऱ्या टोकाला धावा अडवल्या म्हणून इकडे विकेट पडली.

लग्नानंतर हे बंद झालं. कोणी मनाई केली नव्हती. वेळच उरला नाही, आणि तो कसा उरेल हे कोणी विचारलं नाही. आता मुलगी दहावीत आहे, मी पुन्हा सुरू केलंय. कसोटी असली की पहिल्या सत्रात स्वयंपाकघर माझ्याकडे नाही, हे घरात सांगून टाकलंय. पहिले दोन दिवस सगळ्यांनी खिचडी खाल्ली. आता नवरा शेवभाजी बऱ्यापैकी करतो.

म्हणून 'छंद जोपासा' म्हणताना घरातल्या कामाची वाटणीही त्याच वाक्यात यायला हवी.

फलाट_तीन

ताई, शंभर टक्के मान्य, आणि हे धाग्याच्या मजकुरातच यायला हवं. आमच्याकडे रविवार सकाळ माझी आणि शनिवार संध्याकाळ बायकोची. ती गाण्याच्या क्लासला जाते, तेव्हा भाकरीपासून भांड्यांपर्यंत सगळं माझ्याकडे. हे भांडून ठरलं आणि ते बरंच झालं. एकाचा वेळ दुसऱ्याच्या वेळेतून कापून घ्यायचा असेल तर त्याला आवड म्हणू नये.

तुमच्या स्कोअरबुकाच्या एखाद्या पानाचा फोटो टाकाल का?

स्कोअरबुक

टाकते. पेन्सिलीचं आहे, जरा फिकट दिसेल.

शंकूमास्तर (चाळीसगाव)

वा! इतक्या वर्षांत या मंचावर असा धागा पाहिला नव्हता. मी निवृत्त गणित शिक्षक. माझा नाद सावल्यांचा.

अंगणात एक सरळ काठी रोवा आणि दिवसभर तिच्या सावलीचं टोक खडूने खुणावत जा. सगळ्यात आखूड सावली पडते ती तुमची खरी मध्यान्ह. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आणि आपण जवळपास ७५ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाचा फरक. त्यात वर्षभर काही मिनिटं इकडेतिकडे होतात, तो भाग वेगळा.

आता गंमत. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावली. चाळीसगावात २२ मेच्या आसपास, धुळे-जळगाव-भुसावळकडे २५ मेच्या आसपास, शहाद्याला २८ मेच्या सुमारास. सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि शून्य सावली अख्खा खान्देश पार करते, साधारण आठवड्याभरात. वेळ जळगावात सुमारे १२ वाजून २५ मिनिटं, धुळ्यात २-३ मिनिटं उशिरा. जुलैच्या मध्यानंतर सूर्य परतताना पुन्हा तेच, पण तेव्हा ढग असतात. मे महिन्यात आपल्याकडे ढगांचं नाव नसतं. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो तेच या कामाला हवं.

दुसरी गोष्ट. बारा अंगुळांची (अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी) काठी घ्या आणि विषुवदिनी, म्हणजे मार्च-सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा, भरदुपारी सावली मोजा. तिला पलभा म्हणतात. त्या एका आकड्यावरून गावाचा अक्षांश निघतो. जळगावचा अक्षांश २१, त्यामुळे पलभा साधारण ४.६ अंगुळं. एक काठी आणि एक पट्टी, बस.

आणि हे सगळं कोणाच्या परसात बसून करतोय? पाटणादेवीच्या. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखात शके ११२८, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहणाची वेळ नोंदलेली आहे. शेवटी जुन्या मराठीत पेठेतल्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा मठाला दिल्याचा मजकूर येतो. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. विचार करा, गणिताच्या अभ्यासासाठी बाजारपेठेने पैसे दिले, आणि ते दगडावर कोरून ठेवलं. आपल्या तालुक्यात, आठशे वर्षांपूर्वी.

खुद्द भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष कसं सांगितलंय ते पाहा: रसगुणपूर्णमही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, एक. उजवीकडून वाचायचं: शके १०३६. पुढच्या ओळीत म्हणतात, रसगुण वर्षांचा असताना, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, सिद्धांतशिरोमणी रचला. जन्मवर्षातले शेवटचे दोन अंक आणि ग्रंथ लिहितानाचं वय एकच आलं, तेव्हा त्यांनी तोच शब्द पुन्हा वापरला. हे वाचताना मला दरवेळी त्या माणसाचा आनंद जाणवतो.

फलाट_तीन

मास्तर, हात जोडतो. २५ मेला फलाटावरच्या खांबाची सावली बघणार, ठरलं.

स्पष्ट_बोलतो (जळगाव)

थोडा विरोधी सूर लावतो. वरचे प्रतिसाद वाचून बरं वाटलं, पण मी जे आजूबाजूला बघतोय ते वेगळं आहे. तिशीतली कमावती पोरं कार्टूनमधल्या पात्रांच्या मूर्ती हप्त्यावर घेतात. खोकं उघडत नाहीत, कारण उघडलं की 'किंमत' जाते. एकाने वीस हजारांचा कीबोर्ड घेतला, त्यावर टाइप काय करतो तर ऑफिसचे मेल. याला पण वेड म्हणून टाळ्या वाजवायच्या का? कंपन्यांनी मोठ्यांना खेळणी विकायचा धंदा काढलाय आणि आपण त्याला 'स्वतःला स्वीकारणं' वगैरे म्हणतोय.

पुण्यातला_नंदुरबारकर

भाऊ, कीबोर्डवाला मी नाही, पण माझ्यासारखाच कोणीतरी असेल म्हणून उत्तर देतो.

माझे दोन कीबोर्ड आहेत. सुटे भाग आणून स्वतः जोडलेले. प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो, त्यात स्प्रिंग आणि दांडा. दांड्याला अगदी पातळ ग्रीस लावलं की घर्षणाचा खरखरीत आवाज जातो आणि दाबताना बोटाला गुळगुळीत लागतं. ग्रीस जास्त झालं तर बटण सुस्त होतं. सत्तर-ऐंशी स्विच खोलून, ब्रशने एकेक करताना दोन रात्री जातात. दिवसभर मी जे सॉफ्टवेअर लिहितो ते मला कधी हातात धरता येत नाही, हे येतं. माझ्या सासरी पहिल्यांदा कळलं तेव्हा सगळे गप्प झाले होते. नंतर सासऱ्यांनी त्यांच्या जुन्या मराठी टाइपरायटरचा खटारा माळ्यावरून काढला, आणि दोघांनी मिळून तो दिवाळीत चालू केला.

पण हप्त्याबद्दल तुमचं बरोबर आहे. कर्ज काढून घेतलेल्या वस्तूत आनंद कमी आणि धाकधूक जास्त.

शिवराई (धुळे)

स्पष्ट_बोलतो यांच्या मुद्द्यावर मी नाणी जमवणारा म्हणून बोलतो, कारण आमच्या क्षेत्रात खरेदीचा रोग फार जुना आहे.

पैसे टाकून संग्रह होतो, नजर होत नाही. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हातात घेतली तर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', हे सगळ्यांना माहीत असतं. पण अक्षराचं वळण, ठिपक्यांच्या कडीतलं अंतर, अक्षर साच्याबाहेर कुठे गेलंय, यावरून नाणं जुनं की नंतरच्या काळातलं की गेल्या वर्षी कुठे ओतलेलं, हे सांगता यायला वर्षं लागतात. नवीन माणसाला मी आधी वर्षभर काहीही विकत घेऊ नको म्हणून सांगतो. बघ, वाच, वजन कर. आणि नाणं चिंच-राखेने घासू नको! तांब्यावर चढलेला रंग हाच त्याचा दाखला, तो गेला की नाणं गेलं.

खान्देशात काम करायला केवढं आहे. फारुकी सुलतानांची बुऱ्हाणपूरची राजवट, थाळनेर, मग १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर मुलगा दानियालच्या नावावरून या सुभ्याला 'दानदेश' म्हटलं जाणं. असीरच्या विजयाची ससाण्याचं चित्र असलेली सोन्याची मोहर तर जगातल्या संग्राहकांचं स्वप्न आहे.

एक महत्त्वाचं: शेतात नांगरताना नाणी सापडली तर ती गुपचूप सराफाकडे नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कायदा राहू द्या बाजूला, पण नाणं कोणत्या शेतात, किती खोल, कशासोबत मिळालं ही माहिती वितळलेल्या सोन्यात उरत नाही. माझ्या दृष्टीने खरा ठेवा ती माहितीच आहे.

स्पष्ट_बोलतो

शिवराई, हे पटलं. 'नजर होत नाही' हेच मला म्हणायचं होतं. नंदुरबारकर भाऊ, सासऱ्यांचा टाइपरायटर आवडला. तुम्ही हाताने काम करता, तुम्हाला त्या यादीत धरत नाही.

साक्रीवाला

भाऊ, धागा भारी शे. मन्हाकडे आजाना येळना रेडिओ शे. मी त्याले खोलस, जोडस, परत खोलस. घरना म्हनतस याले दुसरं काम नही. म्हनू द्या.

केळीबाग (रावेर)

मी शेतकरी माणूस, मला वाटलं इथे आपलं काही नाही. पण वडिलांपासून आमच्याकडे पावसाची वही आहे, ती मी पुढे चालवतो. बांधावर पर्जन्यमापक बसवलाय, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. आपणही तीच वेळ पाळली तरच आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. एकरी दहा मिलिमीटर पडला तर चाळीस हजार लिटर पाणी आलं. हे कळलं की ड्रिप किती वेळ बंद ठेवायचं ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. पण मला वही आवडते ती उपयोगासाठी नाही. लोक म्हणतात, "यंदासारखा उशीर कधी झाला नव्हता." मी वही काढतो आणि दाखवतो, झाला होता, त्या साली तर जुलै उजाडला होता. माणसाची आठवण गोड बोलते. वही तसं करत नाही.

बाळबोध_ते_मोडी (धुळे)

उशिरा आलो, माफ करा. माझा नाद मोडी वाचनाचा, आणि धुळ्यात राहणाऱ्याला त्यासाठी कुठे लांब जावं लागत नाही. राजवाडे संशोधन मंडळ इथेच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. आयुष्यभर गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं सोडवून बसलेला तो माणूस. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्यातून निघाले, पहिला १८९८ मध्ये. आजच्या भाषेत त्यांना काय म्हणाल ते म्हणा, पण असा झपाटलेला माणूस आपल्या शहरात राहून गेला याचा मला अभिमान आहे.

मोडीची मजा सांगतो. लिहिणारा आधी ओळभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, बोरू शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. त्यामुळे अक्षर ओळखणं हे निम्मंच काम, शब्द कुठे तुटतो ते अर्थावरून ठरवायचं. तारीख तर आणखी मजेची. 'इहिदे सबैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. अरबी आकडे: एक, सत्तर, शंभर, हजार. बेरीज ११७१, हा सुहूर सन, मराठी दप्तरांतली जुनी कालगणना. त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन १७७०-७१. पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर अशी तारीख उलगडली, तेव्हा रात्री दीड वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं. तिने उठून कागद बघितला, हे इथे नोंदवतो.

ज्यांच्या घरी जुनी कागदपत्रं आहेत त्यांना विनंती, रद्दीत घालू नका. फोटो काढून इथे टाका, जमेल तेवढं वाचून देतो. जमिनीचे कागद असतील तर नावं-गट झाकून टाका.

वरणगावकर

बाळबोध सर, आमच्याकडे आजोबांच्या पेटीत एक पुडकं आहे. फोटो पाठवतो.

सहा_एक_सात_चार (भुसावळ)

फलाट_तीन, मी तुमच्याच गावात, मामाजी टॉकीजकडे राहतो आणि आपण एकमेकांना ओळखत नाही. तुमचं म्हणणं तिथेच सिद्ध झालं.

माझा नाद आकड्यांचा, आणि तुमच्या वहीत तो सहज बसेल. इंजिनाच्या नंबरातले शेवटचे चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. ते अंक मांडून सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या बनवा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. समजा ३५२४ आले: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचते. १२४७ असेल तर पहिल्याच पायरीत.

हा शोध देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा. आयुष्यभर शाळामास्तर, हातात कुठलीही मोठी पदवी नाही. इथले पुष्कळ विद्वान त्यांना गंभीरपणे घेत नसत. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. ते तोवर सत्तरीला आले होते, आणि तोपर्यंत थांबलेले नव्हते. त्यांच्या 'डेम्लो' संख्यांचं नाव तर डोंबिवली स्टेशनवरून आलंय, कारण कल्पना तिथे सुचली. रेल्वेवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

फलाट_तीन

मामाजी टॉकीज! सायकलने दहा मिनिटं. रविवारी सकाळी साडेसातला तिकीट खिडकीपाशी भेटू. वरणगावकर पण येतायत. वहीत आता एक रकाना वाढवतो: किती पायऱ्यांत ६१७४.

सातपुड्याची_लेक

शंकूमास्तर, एक सुचवू का? मेमध्ये सगळ्यांनी आपापल्या गावी शून्य सावली बघायची. चाळीसगावला तुम्ही, धुळ्याला शिवराई किंवा बाळबोध सर, अमळनेरला ताई, जळगावला स्पष्ट_बोलतो (हो, तुम्ही पण), भुसावळला फलाटवाले, रावेरला केळीबाग, साक्रीला रेडिओवाले भाऊ, शहाद्याला मी आणि माझी पाड्यावरची पोरं. प्रत्येकाने तीन-चार दिवस, दुपारी बारा वाजून पाच मिनिटांपासून पाऊण वाजेपर्यंत सावलीचं टोक खुणावायचं आणि सगळ्यात आखूड सावलीची वेळ व लांबी इथे टाकायची. सगळे आकडे एकत्र आले की गावांचे अक्षांश-रेखांश आपले आपल्याला काढता येतील ना?

शंकूमास्तर

येतील! रेखांश वेळेवरून, अक्षांश सावली नाहीशी होण्याच्या दिवसावरून. गणित मी करतो, पण प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे ताळा बघता येईल. मोबाइलची वेळ आपोआप जुळणारी ठेवा, भिंतीवरचं घड्याळ नको.

स्कोअरबुक

मी आहे. नोंदींचा तक्ता मी आखते, तो माझा प्रांत. गावाप्रमाणे ओळी, दिवसाप्रमाणे रकाने. पण काठी अगदी उभी आहे हे कसं ओळखायचं?

शंकूमास्तर

ताई, काठी घेऊच नका. एक फूट लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा प्लंबरकडून दोन्ही टोकं काटकोनात कापून घ्या आणि सपाट फरशीवर उभा करा. फरशी सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने दोन दिशांना तपासा. बुडबुडा मध्ये नसेल तर खाली कागदाच्या घड्या सरकवा. मग ओळंबा लावून पाइप दोन बाजूंनी बघा. सावली पाइपच्या बाहेर कुठूनही दिसेनाशी झाली आणि आतल्या फरशीवर पूर्ण गोल ऊन पडलं, की तोच क्षण. पाइप आतून काळा रंगवलात तर कडा स्वच्छ दिसेल. आणि डोक्याला रुमाल बांधा, मे महिना आहे.